मंद वाय-फाय : आधी निदान, मग खर्च



आपल्या बेळगाव-निपाणी भागातील खेड्यांतही आता फायबरची तार घरोघर पोहोचू लागली आहे. उसाच्या आणि तंबाखूच्या शेतात राबणाऱ्या घरांच्या सोप्यात राउटरचा हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. हे केवळ करमणुकीचे साधन राहिलेले नाही. जमिनीचा उतारा 'भूमी'वर पाहायचा असतो, 'सेवासिंधू'वर अर्ज भरायचा असतो, मुलांच्या परीक्षेचा फॉर्म शेवटच्या तारखेच्या आत पाठवायचा असतो. सरकारच्या 'ई-संजीवनी' सेवेवर २०२० पासून घरबसल्या डॉक्टरांचा सल्लाही मिळतो. रक्तदाबाचा त्रास असलेली आजी डॉक्टरांना आपले दुखणे सांगत असताना चित्र गोठले आणि आवाज तुटला, तर तिचे अर्धे सांगणे वाया जाते.

नेट मंद झाले की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. कोणी महागडा प्लॅन घेतो, तर कोणी हजार-दोन हजार रुपये मोडून एक्स्टेंडर आणतो. पुष्कळदा पैसे जातात आणि दुखणे तसेच राहते. कारण उघड आहे. अंगात ताप कशाने आला हे न पाहता गोळी घेतली, तर गुण येईलच असे नाही. म्हणून या पाठात आपण आधी निदान कसे करावे ते पाहू, आणि मग उपाय.

१. नेट घरात कसे येते?

बोअरचे पाणी पिकापर्यंत कसे जाते ते आठवा. बोअरमधून टाकीत पाणी येते, हा पहिला टप्पा. टाकीतून नळीने ते शेताच्या शेवटच्या सरीपर्यंत जाते, हा दुसरा टप्पा. शेवटच्या सरीला पाणी पोहोचत नसेल, तर बोअर आटली असेल किंवा मधली नळी तुंबली असेल. नळी तुंबली असताना मोठी मोटर बसवून काय उपयोग?

नेटचेही असेच आहे. कंपनीच्या केंद्रातून आपल्या राउटरपर्यंत तार येते, तो बाहेरचा टप्पा. राउटरपासून आपल्या फोनपर्यंत बिनतारी लहरी जातात, तो आतला टप्पा. यालाच वाय-फाय म्हणतात. बाहेरचा टप्पा कंपनीच्या हातात असतो, आतला टप्पा आपल्या हातात. प्लॅन बदलल्याने बाहेरचा टप्पा सुधारतो. एक्स्टेंडरने सुधारला तर फक्त आतला सुधारतो. म्हणून दोष कोणत्या टप्प्यात आहे, हा पहिला प्रश्न.

२. मोजणी कशी करावी?

यासाठी एक फोन, एक कागद आणि अर्धा तास वेळ पुरे. फोनवर 'स्पीड टेस्ट' असे शोधले की वेग मोजण्याची सोय फुकट मिळते.

(अ) प्रथम फोनचा मोबाइल डेटा बंद करावा. आपल्या सीमाभागात हे विशेष महत्त्वाचे. निपाणीच्या बाजूला फोन कधी कर्नाटकातल्या टॉवरला लागतो, तर कधी महाराष्ट्रातल्या. डेटा चालू राहिला तर आपण वाय-फाय मोजतो आहोत की टॉवर, हेच कळत नाही.

(आ) घरातील बाकीचे फोन आणि टीव्ही यांचे नेट थोडा वेळ बंद ठेवावे.

(इ) राउटरपासून तीन-चार हातांवर उभे राहून तीनदा वेग मोजावा आणि मधला आकडा लिहून ठेवावा.

(ई) मग जिथे नेट अडते त्या जागी, म्हणजे स्वयंपाकघरात, माडीवर किंवा परड्यातल्या खोलीत जाऊन तसेच तीनदा मोजावे.

(उ) ही मोजणी एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊच्या सुमारास करावी.

आकड्यांविषयी एक खुलासा. वेग 'एमबीपीएस'मध्ये सांगतात, म्हणजे मेगाबिट दर सेकंदाला. फाइलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये असतो आणि एक बाइट म्हणजे ८ बिट. म्हणून ४० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये एका सेकंदात फार तर ५ मेगाबाइट उतरतात. यात कंपनीने फसवले असे समजू नये. चित्रासह बोलायला साधारण २ ते ३ एमबीपीएस पुरतात, पण ते येताना आणि जाताना दोन्हीकडे मिळायला हवेत. म्हणून 'डाउनलोड'बरोबर 'अपलोड'चा आकडाही पाहावा. सरकारने २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलून कमीत कमी वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केला आहे.

आता कागद पाहा. राउटरजवळचाच आकडा प्लॅनपेक्षा फार कमी असेल, तर दोष बाहेरचा. राउटरजवळ आकडा चांगला पण आतल्या खोलीत कमी, तर दोष आतला. दोन्हीकडे चांगला असून एकाच फोनवर अडत असेल, तर दोष त्या फोनचा.

३. दोष बाहेरचा असेल तर

प्रथम राउटरची पिन काढावी, अर्धा मिनिट थांबावे आणि पुन्हा लावावी. तो पूर्ण सुरू व्हायला चार-पाच मिनिटे लागतात, तेवढा धीर धरावा. एवढ्यानेही पुष्कळदा काम होते.

नंतर फायबर ज्या पेटीत येते तिच्यावरचे दिवे पाहावेत. 'एल.ओ.एस.' लिहिलेला दिवा लाल लागला असेल, तर तारेतून प्रकाश येत नाही, असा त्याचा अर्थ. फायबर म्हणजे केसासारखी बारीक काचेची तार आणि तिच्यातून प्रकाश जातो. ती खिळ्याभोवती घट्ट गुंडाळली, दारात चेमटली किंवा उंदराने कुरतडली, तर प्रकाश गळतो. तारेला तीक्ष्ण वळण असेल तर ते हलक्या हाताने सैल करावे. तुटली असेल तर स्वतः जोडायला जाऊ नये. तुटक्या टोकात डोळा घालूनही पाहू नये, कारण आतला प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याला अपाय करू शकतो.

राउटर आपोआप बंद पडून पुन्हा चालू होत असेल तर अ‍ॅडॅप्टर तपासावा. जुना बिघडल्यावर घरातला दुसरा कोणताही लावण्याची आपल्याकडे सवय आहे. राउटरच्या तळाशी व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. व्होल्ट तेवढेच हवेत आणि अँपिअर त्याहून कमी नकोत. कमी अँपिअरच्या अ‍ॅडॅप्टरवर राउटर दम लागल्यासारखा चालतो.

महिन्याच्या शेवटी वेग एकदम पडत असेल, तर प्लॅनची ठरलेली मर्यादा संपली का ते पाहावे. मर्यादेनंतर वेग कमी करण्याची अट बऱ्याच प्लॅनमध्ये असते. सकाळी चांगला आणि रात्रीच मंद असेल, तर एकाच तारेवर सगळ्या गल्लीची गर्दी होत असेल.

यातले काहीच नसेल तर कंपनीकडे तक्रार करावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. आपला मोजणीचा कागद तेव्हा उपयोगी पडतो. 'नेट स्लो आहे' असे मोघम सांगण्यापेक्षा 'राउटरजवळ, रात्री नऊला, तीनदा मोजून ४ आला, प्लॅन ४०चा आहे' असे सांगितले की उडवाउडवी करता येत नाही. तक्रार केंद्राने दाद दिली नाही, तर प्रत्येक कंपनीत अपील अधिकारी असतो. त्याच्याकडे त्याच क्रमांकाने अपील करता येते.

४. दोष घरातला असेल तर

वाय-फायच्या लहरी दोन प्रकारच्या असतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची. ती दूरवर जाते आणि भिंत बऱ्यापैकी ओलांडते, पण तिचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्झची लहर तिच्या निम्म्याहून आखूड. ती वेगवान, पण एक-दोन जाड भिंतींतच थकते. बऱ्याच राउटरमध्ये दोन्ही असतात. राउटरच्याच खोलीत ५ वापरावी, भिंतीपलीकडे २.४.

या लहरींचे शत्रू तीन : जाड भिंत, लोखंड आणि पाणी. आपल्या जुन्या घरांत दगड-मातीच्या हात-दीड हात रुंदीच्या भिंती असतात. उन्हाळ्यात त्या गारवा देतात, पण लहरींना अडवतात. नव्या घरांत स्लॅबमधल्या सळ्या तेच काम करतात, म्हणून खालच्या मजल्यावरचे नेट माडीवर पोहोचत नाही. पत्र्याची वखार किंवा पत्र्याचा गोठा म्हणजे लहरींपुढे जवळजवळ बंद दारच. लोखंडी कपाट, फ्रीज, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी यांच्या मागेही सावली पडते.

म्हणून पहिला उपाय बिनपैशाचा आहे : राउटरची जागा बदला. तार आणणाऱ्या माणसाला जवळ पडते म्हणून राउटर रस्त्याकडच्या खिडकीशी बसवला जातो. अर्धे नेट रस्त्यावर जाते आणि अर्धे घरात येते. रात्री घरात उजेड हवा तर कंदील आपण फडताळात ठेवत नाही, मधल्या खोलीत उंचावर टांगतो. राउटरही तसाच घराच्या मध्यावर, छातीच्या वर आणि उघड्यावर ठेवावा. टीव्हीच्या मागे किंवा कपाटावरच्या भांड्यांच्या आड ठेवू नये. त्यासाठी दहा-बारा मीटर जादा तार लागली, तरी ती एक्स्टेंडरपेक्षा स्वस्त पडते.

दुसरा उपाय शहरातल्या वाचकांसाठी. बेळगावच्या शहापूर किंवा खडेबाजारासारख्या दाट वस्तीत भिंतीपेक्षा शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी जास्त नडते. या लहरी वापरायला परवाना लागत नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झसाठी २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झच्या मोठ्या पट्ट्यासाठी २०१८ मध्ये तशी मोकळीक मिळाली. त्यामुळे सर्वांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह शेगडीसुद्धा एकाच २.४च्या पट्ट्यात गर्दी करतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे 'चॅनेल' तीनच आहेत : १, ६ आणि ११. शेजारीपाजारी ६वर असतील, तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन आपण १ किंवा ११ घ्यावा. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हे काम दहा मिनिटांत जमेल.

सेटिंग उघडलीच आहे, तर किती फोन जोडलेले आहेत तेही पाहावे. ओळखीचे नसलेले फोन दिसले तर पासवर्ड बदलावा. लग्नकार्यात पाहुण्यांना दिलेला पासवर्ड पुढे वर्षभर गल्लीत फिरत राहतो.

५. एक्स्टेंडर : काय करतो आणि काय करीत नाही

जागा बदलूनही मागच्या खोलीत नेट पोहोचत नसेल, तर एक्स्टेंडरचा विचार करावा. पण त्याचे काम नीट समजून घ्यावे. एक्स्टेंडर नवे नेट तयार करीत नाही. ऐकलेले फक्त पुढे सांगतो.

शेतात दूरच्या बांधावरच्या माणसाला निरोप द्यायचा तर मध्ये एक गडी उभा करतात. आपण हाक मारतो आणि तो तीच हाक पुढे देतो. हा गडी कुठे उभा राहावा? दूरच्या माणसाजवळ उभा राहिला, तर त्याला आपली हाकच नीट ऐकू येणार नाही. अर्धवट ऐकलेले तो कितीही मोठ्याने सांगो, निरोप चुकणारच. त्याने आपला आवाज स्पष्ट ऐकू येईल अशा जागी, मध्यावर उभे राहिले पाहिजे. नेमकी हीच चूक एक्स्टेंडर लावताना सर्वांत जास्त होते. जिथे नेट नाही तिथेच लोक तो लावतात. फोनवर रेंजच्या सगळ्या रेघा दिसतात, पण पान उघडत नाही. रेघा एक्स्टेंडरच्या जवळिकीच्या आहेत, नेटच्या नाहीत.

दुसरी गोष्ट, एकाच लहरीवर चालणारा स्वस्त एक्स्टेंडर एका वेळी ऐकू तरी शकतो किंवा बोलू तरी. म्हणून त्याच्या पलीकडे वेग साधारण निम्मा होतो. दोन्ही लहरींचा असेल, तर एकीवर ऐकून दुसरीवर बोलतो, मग घट कमी.

उदाहरणाने पाहू. समजा, एका घराला सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि परड्यातली खोली अशी रांग आहे. राउटर सोप्यात आहे आणि आजी परड्यातल्या खोलीत. मोजणीत सोप्यात ४०, माजघरात २६, स्वयंपाकघरात ७ आणि परड्यातल्या खोलीत १ असे आकडे आले. एक्स्टेंडर स्वयंपाकघरात लावला, तर त्याला ७ मिळतील आणि पुढे तो फार तर साडेतीन देईल. माजघरात लावला, तर त्याला २६ मिळतील आणि तो १३ पुढे पाठवील. भिंतींमध्ये काही गेले तरी आजीच्या खोलीत ७-८ उरतील. यंत्र तेच, खर्च तोच, फक्त जागा एक खोली अलीकडची. डॉक्टरांशी बोलणे साडेतीनवर अडखळेल, आठवर सुरळीत होईल.

म्हणून नियम असा : जिथे राउटरजवळच्या निम्मा वेग तरी शिल्लक आहे, तिथे एक्स्टेंडर लावावा. फोनमध्ये सिग्नलचा आकडा पाहता येत असेल, तर तो उणे ६५च्या आसपास किंवा त्याहून चांगला हवा. उणे ५० उत्तम, उणे ८० म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

पहिली जोडणी राउटरशेजारीच करावी. दोघांवर 'डब्ल्यू.पी.एस.' बटण असेल तर दोन्ही दाबली की ते एकमेकांशी जुळतात. मग एक्स्टेंडर ठरलेल्या जागी न्यावा. त्याला निराळे नाव द्यावे, म्हणजे फोन कोणाला जोडला आहे हे कळते. चालता चालता फोन जुन्या राउटरलाच चिकटून राहतो. अशा वेळी वाय-फाय एकदा बंद करून पुन्हा चालू करावे. एकापुढे एक असे दोन एक्स्टेंडर लावू नयेत, निम्म्याचे निम्मे होते. मधल्या भिंतीला भोक पाडून तारेने जोडता येत असेल, तर तीच सर्वांत उत्तम सोय. तारेवर वेग घटत नाही.

६. शेतातल्या घरापर्यंत

गोठ्यात किंवा गुऱ्हाळाशेजारच्या खोलीत नेट न्यायचे असेल, तर मधल्या पिकाचा विचार करावा. तोडणी झाल्यावर मोकळ्या रानात जी रेंज मिळते, ती पावसाळ्यात डोक्याहून उंच उभ्या उसातून मिळत नाही, कारण ओली पाने लहरी शोषतात. उन्हाळ्यात बसवलेले यंत्र भाद्रपदात बिघडले असे वाटते. ते बिघडलेले नसते, ऊस वाढलेला असतो. यंत्र पिकाच्या वर, उंच खांबावर घ्यावे किंवा जमिनीतून नळीत घालून तार न्यावी.

नेटवर्कची तांब्याची तार १०० मीटरपर्यंतच चालते. शिवाय वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली, तर उघड्यावरून नेलेल्या तांब्याच्या तारेतून दाब येऊन दोन्हीकडची यंत्रे जळू शकतात. लांब अंतरासाठी फायबरच घ्यावी, काचेतून वीज वाहत नाही. मात्र धातूचा आधार नसलेली फायबर मागावी. राउटरचा अ‍ॅडॅप्टर तर वीजेच्या तारेलाच असतो, म्हणून आभाळ गडगडू लागण्याआधीच पिना काढाव्यात. गडगडाट सुरू झाल्यावर हात लावू नये.

थोडक्यात लक्षात ठेवा

सगळ्या घरात सारखेच मंद, तर बाहेरचा टप्पा पाहा. आतल्याच खोलीत मंद, तर राउटर मध्यावर आणा. रात्रीच मंद, तर राउटरजवळ मोजून आधी गल्लीची तार की शेजाऱ्यांचे चॅनेल ते ठरवा. रेंज भरपूर पण पान उघडत नाही, तर एक्स्टेंडर अलीकडे सरकवा. एकाच फोनवर मंद, तर तो फोन बंद करून पुन्हा चालू करा.

घरी करून पाहा

१. आपल्या घराचा नकाशा काढून प्रत्येक खोलीत वेगाचा आकडा लिहा.
२. आकडा निम्म्याहून खाली कोणत्या भिंतीपाशी जातो ते शोधा आणि त्या भिंतीत काय आहे ते पाहा.
३. राउटर दोन दिवस दुसऱ्या जागी ठेवून पुन्हा मोजा. दोन्ही कागद शेजारी ठेवून मगच दुकानात जायचे की नाही ते ठरवा.
४. शेजारी एकटे वृद्ध राहत असतील आणि डॉक्टरांशी फोनवर बोलत असतील, तर त्यांच्या घरीही ही मोजणी करून द्या. त्यांना अर्ध्या तासाची ही मदत एक्स्टेंडरपेक्षा जास्त उपयोगी पडेल.